दोन करंज्या कुणासाठी?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मिरजेचे. माझं वय 46, ह्यांचं 50. आमची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप आहे. एकुलता एक मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेली चार वर्षं मुलाच्या वाढदिवसाला आणि सासऱ्यांच्या तिथीला आम्ही जवळच्या मुलांच्या बालगृहात जेवण देतो. तिथल्या बारा वर्षांच्या एका मुलाचा आम्हाला फार लळा लागलाय. वडील नाहीत, आई मनोरुग्णालयात. आजी भेटायला यायची, ती दीड वर्षापूर्वी वारली. तेव्हापासून कुणी येत नाही. नऊ वर्षांची बहीण आहे, ती दुसऱ्या गावच्या मुलींच्या बालगृहात असते.

यंदा दिवाळीत अधीक्षकांनी बाल कल्याण समितीची परवानगी काढून त्याला दोन दिवस आमच्याकडे पाठवलं. इतका गुणी, की जेवला की स्वतःचं ताट धुऊन पालथं घालायचा. सोडायला गेलो तेव्हा मी विचारलं, "कायमचा येशील का आमच्याकडे?" त्यानं मान हलवली. घरून निघताना दोन करंज्या कागदात गुंडाळून खिशात घातल्या होत्या. आम्ही हसलो, म्हटलं डबाच ने की! तर नको म्हणाला. त्यानंतर चार दिवस तो कुणाशी बोलला नाही, धड जेवला नाही, असा अधीक्षकांचा फोन आला. माझा जीव थाऱ्यावर नाही.

अधीक्षक म्हणतात दत्तक मिळणार नाही, पण प्रतिपालक म्हणून, म्हणजे दत्तक न घेता घरी सांभाळायला, अर्ज करता येईल. सासूबाई म्हणतात, कुणाचं रक्त कुणास ठाऊक, आणि उद्या आई बरी होऊन घेऊन गेली तर? नणंद म्हणते, असाच आणा, कागदं कशाला? दोन्ही मुलं आणावीत असं एकदा मनात आलं, पण दोघं झेपणार नाहीत. संस्थेत मुलं कोमेजतात असं सगळेच म्हणतात. काय करावं?

उत्तर

ताई, नणंदबाईंचं आधी निकालात काढू, ते सोपं आहे. असाच आणायचा नाही. बालगृहातलं मूल कुठे राहणार हे बाल कल्याण समिती ठरवते. अध्यक्ष आणि चार सदस्य असलेल्या या समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. कागदाची कटकट वाटते खरी, पण उद्या शाळेत किंवा ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करताना "तुम्ही याच्या कोण?" असं विचारलं, की तोच आदेश कामाला येतो.

पत्रासोबत तुम्ही आकाशकंदिलाखालचा त्याचा फोटो जोडला होता. मी तो पुसून टाकला. तुमच्या फोनवर स्टेटसला लावला असेल तर आजच काढा. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड. कायदा बाजूला ठेवला तरी, वर्गातल्या पोरांनी "हा अनाथाश्रमातला" म्हणून तो फोटो फिरवला तर त्याला काय वाटेल बघा. वाढदिवसाची जेवणं देणाऱ्या भल्या लोकांचा मला याच एका गोष्टीचा राग यायचा. पितृपंधरवड्यात आमच्या बालगृहात रोज खीर नाहीतर जिलेबी. मुलांनी ओळीत उभं राहायचं, प्रार्थना म्हणायची, मग फोटो. सर्वपित्री झाली की दिवाळीपर्यंत चिटपाखरू फिरकायचं नाही. तुम्ही चार वर्षं येत राहिलात, म्हणून तर तुम्हाला हे हक्कानं सांगतेय.

मी मुलींच्या बालगृहात सत्तावीस वर्षं अधीक्षिका होते. त्यामुळे "संस्थेत मुलं कोमेजतात" हे वाक्य मला जरा टोचलं. पण ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर ते फारच खरं आहे. रुमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या 136 लहानग्यांवर 2000 सालानंतर एक मोठा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत दिली, निम्मी होती तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांचं बोलणं, बुद्धी, माणसाला बिलगणं, सगळंच सरस निघालं, आणि दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं तर फारच. रात्री रडलं की रोज तेच माणूस उठून येतं, हे त्या वयात दुधाइतकंच लागतं. पाळीपाळीनं येणाऱ्या आयांकडून ते कसं मिळणार? आपल्या कायद्यानंही संस्था हा शेवटचा पर्याय मानलाय.

हा मुलगा मात्र बारा वर्षांचा आहे. तो त्या बालगृहात नुसता पडून राहिलेला नाही. तिथे त्याची कबड्डीची टीम असेल, त्याच्या ताटात गुपचूप जास्तीची भाजी घालणारी स्वयंपाकाची मावशी असेल, आणि ज्याच्या शेजारी तो झोपतो असा एक जिवलग असेलच असेल. 1993 मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर पोरकी झालेली मुलं नळदुर्गच्या 'आपलं घर'मध्ये वाढली. त्यांना कुणी कोमेजलेली म्हणेल का? चांगली संस्था मुलाला शाळा, शिस्त, सोबती देते, आणि मारहाणीपासून, भुकेपासून सुटका. तिथे त्याचा जीव वाचला हे विसरून त्याच्यासमोर "तिथून सोडवलं तुला" असं कधी बोलू नका. त्याच्या आयुष्यातली काही वर्षं 'तिथे' गेली आहेत, ती वाईट होती असं त्याला वाटायला लागलं तर तो आमच्यासारख्यांना भेटायला यायचंही टाळेल.

संस्थेत काय मिळत नाही, ते मला एका मुलीनं शिकवलं. अठरा पूर्ण झाली, पुण्यात नोकरी लागली, खोली घेतली. पहिल्याच रविवारी तिचा फोन: "मॅडम, तांदूळ किती घेऊ?" मी म्हटलं, अगं, तू तर आपल्याकडे स्वयंपाकात मदत करायचीस. म्हणाली, "मला साठ जणींचा भात येतो. एकटीचा येत नाही." आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. आमच्या मुलींना दुधाचा भाव ठाऊक नसायचा, गॅस संपला की काय करतात ते ठाऊक नसायचं. नवरा-बायकोचं सकाळी कडाक्याचं भांडण होतं आणि संध्याकाळी दोघं एकत्र चहा पितात, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसायचं. तुमच्या घरी तो हे सगळं आपोआप शिकेल. गिरणीत गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, महिनाअखेरीला कुठे हात आखडायचा. कुटुंब देतं ते मुख्यतः हेच. प्रेम तर त्या मावशीकडेही होतं.

आता करंज्या. 'दोन' आणि 'डबा नको' हे मी परत परत वाचलं. भूक असती तर त्यानं डबा घेतला असता. मित्रांना वाटायच्या असत्या तरी डबाच घेतला असता. दोन म्हणजे एक त्याची आणि एक तिची, नाहीतर दोन्ही तिच्या. तुमच्या पत्रात त्या बहिणीच्या वाट्याला दोन वाक्यं आली आहेत, आणि त्यातल्या एकात ती 'झेपणार नाही'.

चार दिवस तो का गप्प होता, याचा तुम्ही लावलेला अर्थ असा दिसतो की त्याला तुमच्याकडे यायचंय. असेलही. पण बारा वर्षांच्या पोरानं "कायमचा येशील का?" या प्रश्नाला मान हलवली आणि मग रात्री अंथरुणात त्याच्या लक्षात आलं की आपण हो म्हणताना तिचं नावच घेतलं नाही, तर तोही असाच गप्प होईल. आजी गेल्यावर त्या घरातला मोठा माणूस तोच आहे, ताई. आमच्याकडे नऊ-दहा वर्षांच्या मुली धाकट्या बहिणीच्या वाटणीचं बिस्किट पेटीत कुलूप लावून ठेवायच्या आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. मुंग्या लागायच्या, पण बिस्किट मोडायचं नाही.

तो प्रश्न तुम्ही विचारायला नको होता. रागावत नाही, पण समितीचा आदेश हातात नसताना मुलाला असं विचारलं, की तो त्या दिवसापासून वाट बघायला लागतो. आता निदान एवढं करा. अधीक्षकांना सांगून त्याला भेटा आणि स्पष्ट बोला: "मी घाईनं विचारलं. हे ठरवणं आपल्या एकट्यांच्या हातात नाही, वेळ लागेल. तुझ्या मनात काय आहे ते तू सांगू शकतोस, नाही म्हटलंस तरी आम्ही येत राहू." आणि मग त्याला बहिणीबद्दल विचारा. तिचं नाव काय, तिला काय आवडतं. मग तो बोलतो का बघा.

अधीक्षकांचं म्हणणं बरोबर आहे. आई हयात आहे, त्यामुळे समितीनं त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवल्याशिवाय दत्तकाचा प्रश्नच येत नाही. प्रतिपालकत्वात मूल तुमच्या घरी वाढतं, पण त्याचं नाव, आडनाव, आई त्याचीच राहते. ते साधारण सहा वर्षांवरच्या मुलांसाठी असतं. आईवडील मानसिक आजारामुळे सांभाळू शकत नाहीत अशी मुलंही त्यात बसतात. अर्जासाठी तुमच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाला भेटा. ते घरी येतील, पोलिसांची पडताळणी, वैद्यकीय दाखले, उत्पन्न, सगळं बघतील. सासूबाईंशीही बोलतील, म्हणून त्यांना अंधारात ठेवू नका. मूल आल्यावर समितीनं दर महिन्याला पाहणी करावी असं कायदा सांगतो. कुणी अचानक आलं तर अपमान मानू नका. घरात वाईट काही घडत असेल तर ते मूल सांगणार कुणाला? केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून अशा मुलामागे महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. मागायला लाजू नका, ते मुलाचे पैसे आहेत. प्रतिपालकत्वाच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, मूल कायद्यानं मोकळं झालेलं असेल तर दोन वर्षांच्या प्रतिपालकत्वानंतर दत्तक घेण्याची वाट उघडली आहे. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. पण तुम्ही या आशेवर अर्ज करू नका. त्याची आई आहे, एवढं धरून चाला.

"आई बरी होऊन घेऊन गेली तर?" तर नेऊ द्यायचं. चांगल्या कपड्यांची बॅग भरून, नंबर लिहून देऊन. तुम्हाला फार दुखेल, जेवण जाणार नाही, आणि ते दुखणं तुम्ही त्याला न दाखवता सोसायचं. ही अट मान्य नसेल तर अर्ज करू नका. यात कमीपणा काही नाही. सध्या तरी, डॉक्टरांनी परवानगी दिली तर त्याला आईला भेटवून आणायची तयारी ठेवा. वेडी म्हणून तिचा उल्लेख घरात कुणी करायचा नाही. त्यानं तुम्हाला काका-काकू म्हणावं. आई म्हण असा लकडा लावू नका.

सासूबाईंसाठी एकच सांगते. फुल्यांनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे जन्मलेल्या एका मुलाला जोतिराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्यानं हडपसरजवळ दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई तिथेच रुग्णांची सेवा करताना गेल्या. कुणाचं रक्त, हे त्या प्लेगमधल्या रुग्णांनी विचारलं नसावं. त्या सावित्रीबाईंचं नाव आज आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेला आहे. एकल पालक किंवा नातेवाईक मुलाला सांभाळत असतील तर महिना 2250 रुपये मिळतात, 2023 पूर्वी 1100 होते. त्या आजीला वेळेवर कुणी हा फॉर्म भरून दिला असता, तर कदाचित दोन्ही भावंडं गावातच एका छपराखाली राहिली असती. हे मी तुम्हाला उद्देशून म्हणत नाहीये. तुमच्या गिरणीत दळण घेऊन येणारी अशी एखादी म्हातारी असेल, तिच्यासाठी म्हणतेय.

आणायचं ठरलंच, तर पहिले नव्याचे नऊ दिवस तो ताट धूतच राहील. त्यावर भुलू नका. ताट न धुता उठला, दार आपटलं, "तुम्ही कोण मला सांगणार?" म्हणाला, की समजा आता राहायला आला. मला एक घर ठाऊक आहे. तिथे मुलानं चार महिन्यांनी कपाटातून दोनशे रुपये उचलले आणि त्यांनी त्याला 'परत केलं'. परत! मिक्सर असल्यासारखं. पैसे त्यानं मित्राच्या फोनच्या रिचार्जला घातले होते, त्या फोनवरून तो बालगृहातल्या जिवलगाशी बोलायचा. कुणी विचारलंच नव्हतं की तुला कुणाशी बोलावंसं वाटतं का. आणखी एक: पोळी उशीखाली सापडेल, चादरीला तुपाचे डाग पडतील. ओरडू नका. त्याच्या कप्प्यात चिवड्याचा डबा भरून ठेवा आणि सांगा, हा तुझा, कधीही उघड. महिन्या-दोन महिन्यांत पोळ्या उशीखालून स्वयंपाकघरात परत येतात.

कागदपत्रांचंही आत्ताच बघा. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला. आई हयात असताना माहिती मिळते, नंतर गावात कुणी ओळख सांगायला उरत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथ मुलांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण आहे. पण ते आईवडील नसलेल्यांसाठी. या मुलाला लागू होईलच असं नाही, म्हणून त्याचा जातीचा दाखला जास्त महत्त्वाचा. अठरानंतर कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या मदतीची, सोय आहे. तरी माझ्या अनुभवात अठराव्या वाढदिवशी मुलाच्या हातात पेटी असते आणि मनात एकच प्रश्न, दिवाळीला जायचं कुठे. प्रतिपालकत्वाचा आदेश त्या दिवशी संपेल. तुमचं दार त्या दिवशी बंद होणार आहे का, हे तुम्ही दोघांनी आजच ठरवा.

राहिला दोघांचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: एकाला उचलून दुसरीला तिथेच ठेवायचं असेल, तर मी समितीत असते तर तुमचा अर्ज सहजी पुढे सरकवला नसता. भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत असं प्रतिपालकत्वाची तत्त्वंही सांगतात. आधीच वयानं आणि मुलगा-मुलगी म्हणून त्यांची दोन गावं झाली आहेत. तुम्ही त्यात दोन घरांची भर घालाल. एक घरातला आणि एक बालगृहातली. तो तुमच्याकडे गादीवर झोपेल आणि झोपणार नाही.

झेपणार नाही म्हणजे नक्की काय, ते मात्र कागदावर मांडा. पैसे असतील तर दोघांचे मिळून महिना 8000 होतात. जागा असेल तर मुलाची खोली पुण्याहून तो येईल तेव्हाच लागते. मुलगी वयात येईल ही धास्ती असेल, तर ती मोकळेपणानं कक्षातल्या बाईंशी बोला, त्यांनी हे शंभरदा ऐकलंय. आणि तुमच्या पुण्याच्या मुलाला फोन करून विचारा. तुमच्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या घरात दोन भावंडं येणार आणि त्याला कळणार व्हॉट्सअ‍ॅपवरून, असं नको.

एवढं करूनही नाहीच झेपत असं निघालं, तर अर्ज करू नका आणि मन खाऊ देऊ नका. मग दुसरं काम घ्या, ते सोपं नाही. महिन्यातला एक ठरलेला रविवार. पाऊस असो, लग्नसराई असो, कांडपाची गर्दी असो. गिरणीला कुलूप. अधीक्षकांकडून आणि समितीकडून परवानगी घेऊन त्याला घ्यायचं, बहिणीच्या बालगृहात न्यायचं, दोघांना दोन तास एका झाडाखाली बसू द्यायचं आणि तुम्ही जरा लांब बसायचं. जेवण देण्याचा खर्च त्या एसटीच्या तिकिटांत घाला. हे सहा वर्षं न चुकता केलंत, तर तो अठराव्या वर्षी बाहेर पडेल तेव्हा त्याच्याकडे बहीण असेल, आणि फोन करून "काकू, तांदूळ किती घेऊ?" विचारायला तुम्ही असाल.

पहिल्या खेपेला त्याला विचारा, त्या करंज्यांचं काय झालं. बहुतेक अजून पेटीत असतील, खवट झालेल्या. फेकायला लावू नका. जाताना ताज्या घेऊन जा आणि त्यालाच तिच्या हातात देऊ द्या.